ऑटोपायलट विमान परत हातात देतो तेव्हा

नाशिकच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "बहुतेक विमान अपघात माणसाच्या चुकीने होतात असं सगळीकडे वाचतो. मग विमान पूर्णपणे कॉम्प्युटरच्या ताब्यात का देत नाहीत? आणि दुसरीकडे ७३७ मॅक्समध्ये तर कॉम्प्युटरनेच विमानाचं नाक खाली दाबलं. मग कॉकपिटमध्ये शेवटचा शब्द कोणाचा असायला हवा?"

मी ३१ वर्षं विमान उडवतो आहे. सुरुवात झाली तबकड्या-काट्यांच्या जुन्या बोईंग ७३७ वर, नंतरची बहुतेक वर्षं एअरबस ए३२० वर गेली आणि गेली ९ वर्षं मी सिम्युलेटरमध्ये शिकवतो, परीक्षाही घेतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

शेवटचा शब्द माणसाचा, असंच माझं मत आहे. पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या प्रश्नाचा गाभा राहून जाईल. यंत्र नीट चाललंय आणि माणूस लक्ष ठेवून आहे, तोवर कसलीच अडचण नसते. हाताने उडवणारा माणूस सरावात असेल तरी नसते. अडचण येते ती यंत्र विमान माणसाच्या हातात परत देतं तेव्हा, किंवा दिलंय की नाही हेच माणसाला कळत नाही तेव्हा. खाली जे अपघात सांगणार आहे त्यातले बरेचसे याच जागेवर घडले आहेत.

आधी ऑटोपायलटविषयी. तो कॉकपिटमधला तिसरा पायलट नव्हे. आपण उंची, दिशा, वेग सांगतो आणि तो ते धरून ठेवतो. आमच्यापेक्षा चांगलं धरतो, हे मान्य करण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आज २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एकावर एक जाणाऱ्या दोन विमानांमध्ये १,००० फुटांचं अंतर असतं. भारतात २००३ च्या नोव्हेंबरपर्यंत ते २,००० फूट होतं. अंतर निम्मं करता आलं, कारण उंची काटेकोर मोजणारी आणि काटेकोर धरणारी यंत्रणा आली. उंची धरणारी यंत्रणा बंद असेल तर त्या पट्ट्यात शिरायची परवानगीच मिळत नाही. चार-चार तास ३६,००० फुटांवर हाताने उंची धरून बसलेल्या माणसावर माझाही भरवसा नाही, आणि तो माणूस मी स्वतः असलो तरी नाही.

दिल्लीचं जानेवारीतलं धुकं घ्या. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असतं, म्हणजे समोरच्या दिव्यांच्या रांगेतले मोजून दोन-चार दिवे. तिथे विमान ऑटोलँडनेच, म्हणजे यंत्राकडूनच, उतरवायचं, हाताने उतरायला नियम परवानगी देत नाही आणि ते बरोबरच आहे. त्या वेळी आमचं काम म्हणजे यंत्राचे संदेश वाचत बसायचं आणि काही खटकलं की क्षणाचाही विचार न करता विमान पुन्हा वर काढायचं.

आता तोच ऑटोलँड मुंबईच्या जुलैमध्ये आणा. संध्याकाळची वेळ, २७ नंबरच्या धावपट्टीकडे आपण पूर्वेकडून येतोय, समोर अरबी समुद्रावरून वारा झोतांनी अंगावर येतोय, वायपर पूर्ण वेगात आहेत तरी काचेवर पाण्याचा पडदाच. ए३२० च्या ऑटोलँडची मर्यादा समोरच्या वाऱ्याला ३० नॉट (नॉट हे वेगाचं माप) आणि बाजूच्या वाऱ्याला २० नॉट. हाताने उतरवताना हेच विमान बाजूच्या ३३ नॉट वाऱ्यात, ३८ च्या झोतांसह, उतरवून दाखवलेलं आहे. म्हणून अशा संध्याकाळी हजारेक फुटांवर अंगठ्याने लाल बटण दाबून ऑटोपायलट सोडायचा आणि विमान हातात घ्यायचं. धुक्यात यंत्र सरस आणि वादळी वाऱ्यात हात सरस, हे आमच्याकडे कोणी वादाचा मुद्दा मानत नाही. वाद पुढे आहे.

बंगळुरूचा अपघात नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तो सांगतोच. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सचं ६०५ नंबरचं विमान मुंबईहून बंगळुरूला निघालं होतं. ए३२०, कोरं करकरीत, ताफ्यात येऊन काही आठवडेच झालेले. दुपारची एकची वेळ, स्वच्छ हवा, धावपट्टी डोळ्यांसमोर. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं आणि १४६ पैकी ९२ माणसं गेली.

इंजिन चालू होती, कंट्रोल चालत होते. पण ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, 'ओपन डिसेंट' मोडमध्ये होता. या मोडमध्ये इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी मंद ताकदीवर राहतात आणि वेग सांभाळायचं काम विमानाच्या नाकावर सोपवलेलं असतं. वरून खाली उतरताना हे ठीक आहे, पण जमिनीजवळ शेवटच्या टप्प्यात इंजिनाची ताकद वेगाप्रमाणे कमी-जास्त व्हायला हवी, त्यासाठी वेगळा मोड लागतो. विमान त्या मोडमध्ये गेलंच नाही. वेग ठरलेल्या आकड्याच्या बराच खाली घसरला आणि पुढे ताकद मागितली तेव्हा इंजिनं आयडलवरून वर यायला लागणारे सेकंद शिल्लक नव्हते. चौकशीत एक शक्यता अशी मांडली गेली की मिनिटाला ७०० फूट या वेगाने उतरण्यासाठी एक नॉब फिरवायचा होता, त्याऐवजी शेजारचा उंचीचा नॉब ७०० वर फिरला. एकाच पट्टीवरचे दोन नॉब, बोटभर अंतरावर.

मी तेव्हा फ्लाइंग क्लबमध्ये होतो. आमच्यातले निम्मे म्हणाले, हे कॉम्प्युटरचं विमानच नको. सरकारने भारतातली ए३२० विमानं काही महिने जमिनीवर ठेवली. आज भारतात सर्वांत जास्त प्रवासी याच जातीच्या विमानांतून जातात. विमान वाईट नव्हतंच. ते आत्ता काय करतंय हे आत बसलेल्यांपर्यंत पोहोचत नव्हतं.

आता ते सांगायची सोय आहे. समोरच्या स्क्रीनच्या सगळ्यात वर एक पट्टी असते, त्यात हिरव्या आणि निळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ऑटोथ्रस्ट काय करतोय, विमान वर-खाली कोणत्या मोडमध्ये आहे, डावी-उजवीकडे कोणत्या. हिरवं म्हणजे चालू, निळं म्हणजे तयार ठेवलेलं, अजून लागू न झालेलं. पट्टीतलं अक्षर बदललं की ते मोठ्याने वाचायचं, असा आमचा शिरस्ता आहे. नव्या मुलांना हे पोपटपंचीसारखं वाटतं. मलाही वाटायचं, एका रात्रीपर्यंत.

रात्रीचं चौथं लँडिंग होतं. एटीसीने, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने, आधी लोकलायझर पकडायला सांगितलं, म्हणजे धावपट्टीची सरळ रेषा. मी 'लॉक' बटण दाबलं. थोड्या वेळाने पूर्ण अप्रोचची, म्हणजे उतरणीचा रस्ताही धरून खाली यायची, परवानगी मिळाली, ती मी वाचून दाखवली आणि 'अप्रोच' बटण दाबायचं राहून गेलं. विमान रेषेवर अगदी सरळ चाललं होतं. उतरणीचा रस्ता दाखवणारा ठिपका हळूहळू मध्यावर आला आणि खाली निघून गेला, विमान मात्र आपलं त्याच उंचीवर. मी ते बघत होतो आणि तरीही दिसत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात अप्रोच चालू झालेला होता. शेजारी बसलेली फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, नोकरीत येऊन वर्षही न झालेली मुलगी, म्हणाली, "सर, ग्लाइड स्लोप आर्म नाहीये." म्हणजे उतरणीचा रस्ता पकडायला यंत्र तयारच ठेवलेलं नव्हतं. गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर काढलं, फिरून आलो, उतरलो. पार्किंगला लागल्यावर मी तिचे आभार मानले, तर तीच संकोचली.

तिच्या त्या एका वाक्याची नोंद कुठल्याही आकडेवारीत नाही. "बहुतेक अपघात मानवी चुकीने" हे वाक्य वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या. पडलेल्या विमानांचा हिशेब लागतो. न पडलेल्या विमानांत कोणी काय वेळेवर पाहिलं, कोणी कोणाला टोकलं, कोणी निमूटपणे एक नॉब फिरवून यंत्राची समजूत दुरुस्त केली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ही दुरुस्ती जगभर रोज होते.

आता ज्या अपघाताने माझी शिकवण्याची पद्धत बदलली तो सांगतो.

१ जून २००९. एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं ए३३० रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालं होतं, २२८ माणसं घेऊन. अटलांटिकवर रात्र, उंची ३५,००० फूट. कॅप्टन ठरल्याप्रमाणे विश्रांतीला मागे गेले होते, पुढे दोन को-पायलट. ढगातले बर्फाचे स्फटिक वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत अडकले, तिन्ही नळ्यांचे आकडे जुळेनात, आणि ऑटोपायलटने करायला हवं तेच केलं, तो सुटला. ऑटोथ्रस्टही सुटला. विमान तोपर्यंत सरळ आणि व्यवस्थित चाललं होतं. नाक आणि इंजिनाची ताकद होती तिथेच ठेवली असती तर ते तसंच जात राहिलं असतं.

उजवीकडच्या पायलटने साइडस्टिक, म्हणजे विमान हाताने चालवायची बाजूची दांडी, मागे ओढली. विमान ३८,००० फुटांपर्यंत चढलं, वेग गेला, पंखांवरून हवेचा प्रवाह तुटला आणि विमान स्टॉल झालं. नळ्यांतला बर्फ साधारण मिनिटभरात मोकळा झाला होता, वेगाचे आकडे पुन्हा बरोबर दिसत होते, तरी स्टिक बहुतेक वेळ मागेच राहिली. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटंसुद्धा गेली नाहीत. रेकॉर्डर सापडायला मात्र दोन वर्षं लागली, सुमारे ३,९०० मीटर खोल पाण्यातून ते काढले.

लोक म्हणतात, स्टॉलमध्ये स्टिक मागे ओढू नये हे फ्लाइंग क्लबचं पोरही जाणतं. खरंय. पण त्या खुर्चीतून बघा. गडद अंधार, बाहेर क्षितिज नाही, एकामागून एक संदेश स्क्रीनवर येतायत. विमानाच्या संरक्षणाची पातळी उतरलेली, म्हणजे एरवी जे एअरबस स्टॉल होऊच देत नाही ते आता होऊ देणार. तीव्र स्टॉलमध्ये मोजलेला वेग ६० नॉटच्याही खाली गेला तेव्हा कॉम्प्युटरने तो आकडा अविश्वसनीय ठरवला आणि त्याबरोबर स्टॉलची सूचना गप्प झाली. नाक थोडं खाली आणलं की वेग वाढायचा, आकडा पुन्हा ग्राह्य व्हायचा आणि "स्टॉल, स्टॉल" हा आवाज परत सुरू. म्हणजे बरोबर गोष्ट केली की विमान ओरडायचं आणि चुकीची केली की शांत व्हायचं. डावीकडचा पायलट सहकाऱ्याची स्टिक हाताने जाणू शकत नव्हता, कारण एअरबसच्या दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. बोईंगमध्ये एकाने कंट्रोल कॉलम ओढला की दुसऱ्याचाही पोटाला लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: इतक्या उंचीवर हाताने विमान उडवायचा आणि तिथे वेगाचे आकडे गेले तर काय करायचं याचा सराव त्यांना मिळालेलाच नव्हता. कोणालाच मिळत नव्हता, मलाही नाही. ज्या उंचीवर विमान नेहमी ऑटोपायलटच उडवतो तिथे सराव मिळणार कुठून? फ्रेंच चौकशीने हे स्पष्ट लिहिलं, आणि त्यानंतर जगभर स्टॉल आणि विमान आडवंतिडवं झाल्यावर सावरण्याचं प्रशिक्षण नव्याने बांधलं गेलं.

माझ्या सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग मी प्रत्येकाला देतो. मागच्याच महिन्यात एक २६ वर्षांचा मुलगा होता, अभ्यासात तल्लख, पुस्तक तोंडपाठ. ३५,००० फुटांवर, जेवणाच्या गप्पा चालू असताना, मी त्याचे पिटो गोठवले. ऑटोपायलट सुटल्याची घंटा वाजली. दोन सेकंदांत त्याची मूठ स्टिकवर आवळली गेली, बोटांची पेरं पांढरी पडली, आणि नाक दहा अंश वर गेलं. त्याला विचारलं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की मी काही ओढलं नाही. मी सिम्युलेटर थांबवला आणि त्याला त्याचा हात बघायला सांगितला.

मग परत सुरुवात केली. या वेळी घंटा वाजली की आधी दोन्ही हात मांडीवर. नाक कुठे आहे? अडीच अंश वर. इंजिन? क्रूझच्या, म्हणजे वरच्या सरळ प्रवासाच्या, ताकदीवर. मग आकडे काहीही म्हणोत, विमान उडतंय. आता तीन बोटांनी स्टिक धर आणि अडीच अंश सांभाळ. तिसऱ्या खेपेला तो एका हाताने चेकलिस्ट काढत होता.

उलट टोकाचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं, एशियाना २१४, बोईंग ७७७, जुलै २०१३. उतरणीचा रस्ता दाखवणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद, दिवस लख्ख. पायलटने मोड बदलला, थ्रॉटल हाताने मागे घेतले आणि ऑटोथ्रॉटल (बोईंगचा ऑटोथ्रस्ट) 'होल्ड'मध्ये गेला, म्हणजे तो वेग सांभाळणार नव्हता. आत सगळ्यांना वाटत होतं की सांभाळतोय. १३७ नॉटच्या जागी १०३ पर्यंत वेग गेला आणि विमानाची शेपटी समुद्राच्या बांधावर आपटली. तिघींचा जीव गेला. बंगळुरूनंतर २३ वर्षांनी, दुसऱ्या कंपनीच्या विमानात, तीच कहाणी.

आता मॅक्सबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे. २९ ऑक्टोबर २०१८ ला जकार्ताहून निघालेलं लायन एअर ६१० आणि १० मार्च २०१९ ला अदिस अबाबाहून निघालेलं इथिओपियन ३०२. मिळून ३४६ माणसं गेली. जकार्ताच्या विमानाचे कॅप्टन भव्ये सुनेजा आपल्या दिल्लीचे होते. इथे यंत्राने विमान हातात दिलं नाही, हातातून ओढून घेतलं, तेही न सांगता. एमकॅस नावाची यंत्रणा पंखाचा हवेशी होणारा कोन मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सर चुकला, तिला वाटलं नाक फार वर आहे, तिने शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली दाबलं. पायलटने ट्रिमच्या, म्हणजे तोच पंख फिरवणाऱ्या, बटणाने नाक वर घेतलं, थोड्या सेकंदांनी तिने पुन्हा दाबलं. सुनेजा यांनी वीसपेक्षा जास्त वेळा नाक परत वर आणलं. पायलटच्या पुस्तकात तोपर्यंत या यंत्रणेचं वर्णनच नव्हतं.

याला मी ऑटोमेशनचा दोष म्हणत नाही, हा चुकीच्या रचनेचा दोष आहे. एका सेन्सरच्या शब्दावर एवढा अधिकार द्यायचा नसतो, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. पण एक गोष्ट विसरू नका. आदल्या दिवशी याच विमानात, बाली ते जकार्ता, हाच बिघाड झाला होता. कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर एक तिसरा पायलट बसला होता. ट्रिमची विजेची मोटर तोडणारे स्विच बंद केले गेले, ट्रिमचं चाक हाताने फिरवत विमान सुखरूप पोहोचलं. जीवघेणा बिघाड आदल्या रात्री माणसांनी पचवला होता. इथिओपियनच्या पायलटांनीही तेच स्विच बंद केले, पण विमानाचा वेग इतका वाढला होता की ते चाक हाताने फिरेना.

माणसाच्या बाजूने इतकं लिहिलं, आता दुसरी बाजू मी तितक्याच तळमळीने मांडतो, कारण काही गोष्टींत शेवटचा शब्द यंत्राचाच असला पाहिजे.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं समोरासमोर धडकली, ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारताने टीकॅस ही टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. दोन विमानांतल्या या यंत्रणा परस्पर बोलून ठरवतात, तू वर जा, तू खाली जा. पुढे १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर एक रशियन टुपोलेव आणि एक मालवाहू बोईंग जवळ आले. टीकॅसने टुपोलेवला वर जायला सांगितलं, जमिनीवरच्या कंट्रोलरने खाली. टुपोलेवच्या पायलटांनी माणसाचं ऐकलं. बोईंगने यंत्राचं ऐकून खाली जायला सुरुवात केली होती. दोन्ही विमानं खाली गेली आणि एकमेकांवर आदळली, ७१ माणसं गेली. तेव्हापासून नियम अगदी स्वच्छ आहे: टीकॅस आणि एटीसी यांच्यात मतभेद झाला तर टीकॅसचं ऐकायचं, चर्चा न करता. जमीन जवळ आल्याची "पुल अप" सूचनाही तशीच. रात्री किंवा ढगात ती आली की आधी नाक वर, विचार नंतर. इथे माझ्या अनुभवाला किंमत नाही, आणि मी ती मागतही नाही.

पायलटांच्या खोलीत एअरबस विरुद्ध बोईंग हा वाद चहाबरोबर रोज चालतो. एअरबस साधारण स्थितीत पायलटला ६७ अंशांपेक्षा जास्त कलू देत नाही, स्टॉलपर्यंत जाऊ देत नाही. बोईंग ७७७ विरोध करतं, स्टिअरिंग जड करतं, पण जोर लावला तर जाऊ देतं. माझा अनुभव एअरबसचा असल्याने माझं माप थोडं तिकडे झुकेल, पण हडसन नदीवरचं लँडिंग पाहा. जानेवारी २००९, न्यूयॉर्क, विमान ए३२०, दोन्ही इंजिनांत पक्षी गेले, साडेतीन मिनिटांत पाण्यावर, १५५ च्या १५५ माणसं वाचली. नदीत उतरायचं हा निर्णय कॅप्टन सलनबर्गर यांचा, कुठल्याच कॉम्प्युटरला तो सुचला नसता. शेपटीतलं छोटं इंजिन त्यांनी लगेच सुरू केलं, त्यामुळे विमानाचे कॉम्प्युटर पूर्ण ताकदीने जागे राहिले आणि शेवटच्या क्षणी वेग कमी असताना त्यांनीच विमान स्टॉल होऊ दिलं नाही. यंत्राने शेवटी नाक त्यांना हवं होतं तितकं वर घेऊ दिलं नाही, हेही अमेरिकन चौकशीत नोंदलेलं आहे. तरी ते लँडिंग दोघांचं मिळून होतं, असंच मी म्हणेन.

आमच्यातला खरा वाद वेगळाच आहे: रोजच्या उड्डाणात हाताने किती उडवायचं? माझे एक जुने सहकारी, प्रशिक्षणाचे प्रमुख राहिलेले, म्हणतात की मुंबई-दिल्लीच्या गर्दीत हाताने उडवलं की दुसऱ्या पायलटवर रेडिओ, नॉब, चेकलिस्ट सगळ्याचा भार पडतो आणि तोच तर पहारेकरी आहे. त्यांचं म्हणणं मी खोडू शकत नाही. पण कंपन्यांमध्ये याचं रूपांतर "ऑटोपायलट लवकरात लवकर लावा" या अलिखित नियमात होतं. उड्डाणाचा डेटा तपासला जातो, वेग दहा नॉट इकडेतिकडे गेला की बोलावणं येतं, आणि तरुण मुलं शहाणपणाने ठरवतात की हात लावायचाच नाही. टेकऑफनंतर काही सेकंद आणि उतरताना शेवटची दोन-तीन मिनिटं, एवढीच त्यांची हाताची सवय. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने जानेवारी २०१३ मध्येच कंपन्यांना लेखी सुचवलं होतं की योग्य वेळ बघून पायलटांना हाताने उडवू द्या.

योग्य वेळ म्हणजे काय, ते मी असं शिकवतो. स्वच्छ दुपार, कमी वर्दळ, दोघंही ताजेतवाने. ब्रीफिंगमध्येच सांगायचं, आज मी १०,००० फुटांपासून ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यायचं ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या रेषा) तिन्ही बंद करणार आहे. शेजारच्याला पटत नसेल तर नाही करायचं. मध्येच वर्दळ वाढली, हवा बिघडली, तर निमूट परत लावायचं, त्यात हार नाही. आणि यंत्र काहीतरी भलतंच करायला लागलं तर "हे असं का करतंय" म्हणत दोघांनी माना खाली घालून विमानाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड बडवत बसायचं नाही. एक पायरी खाली उतरायचं: दिशा आणि उंची नॉबने द्यायची. तरीही कळेना, तर बटण दाबून हातात घ्यायचं. कीबोर्डची भानगड नंतर बघता येते.

एकाच पायलटवर मोठी विमानं चालवायची कल्पना काही वर्षं जोरात होती, क्रूझमध्ये एकाने झोपायचं, एकाने बघायचं. युरोपच्या ईएएसए या विमान सुरक्षा संस्थेने अभ्यास करून २०२५ मध्ये सांगितलं की दोन पायलटांइतकी सुरक्षितता यातून सिद्ध करता येत नाही. मला त्याचा मनापासून आनंद झाला. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटने कॅप्टनला बाहेर ठेवून दार लावून घेतलं आणि उंचीचा नॉब १०० फुटांवर फिरवला, १५० माणसं गेली. ऑटोपायलटने विमान मुकाट्याने डोंगराकडे नेलं. माणसावर आंधळा विश्वास ठेवू नका, असं कोणी ते उदाहरण देऊन सांगितलं तर मी मान्य करीन. त्यावरचं उत्तर माझ्या मते दुसरा जागा, टोकणारा माणूस हेच आहे, ग्लाइड स्लोप आर्म नाही हे सांगणाऱ्या त्या मुलीसारखा.

तुम्ही इंजिनिअर होणार आहात, म्हणून एक मागणं. पुढे कधी अशी यंत्रणा तुमच्या हातून बनली तर ती कधी, कशी आणि कोणत्या शब्दांत हार मानेल हे आधी ठरवा. रात्री दोन वाजता, चौथ्या तासाला, ढगात बसलेल्या माणसाला ती काय सांगेल, आणि गप्प झाली तर त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला काय वाटेल, हे खुर्चीत बसून बघा. कुठल्याही प्रशिक्षण केंद्राला विचारा, मागच्या खुर्चीवर बसून एखादं सेशन पाहू द्याल का म्हणून. मी तरी नाही म्हणणार नाही. उद्या सकाळी ६ वाजता माझ्याकडे दोन नवे फर्स्ट ऑफिसर येतायत आणि पहिल्या वीस मिनिटांसाठी मी त्यांचे फ्लाइट डायरेक्टर बंद ठेवणार आहे.